ओलीच्या काठावरचे ढेकूण

धुळवडीचा सदरा कितीही पाण्यांतून काढला तरी रंग सोडतच होता. शैलजाने शेवटी नाद सोडला, बादली मोरीत उपडी केली आणि मोरीच्या तोंडातला बोळा काढला. गुलाबी पाणी भिंतीपलीकडे परसात गेलं, तापलेल्या मातीत पसरलं आणि बघता बघता जिरलं. बेबीला कडेवर घेऊन ती पिळे वाळत घालायला बाहेर आली, तर मातीवर गुलाबी डाग वाळत होता आणि त्याच्या कडेकडेने कुणी कारळे सांडावेत तसे काळे ठिपके बसले होते. तिने पाऊल पुढे टाकलं आणि कारळे उडाले. टुणकन उडी, जरासं भिरभिरणं, की वीतभर पुढे पुन्हा त्याच कडेवर. ओल्यात नाही, कोरड्यात नाही. दोहोंच्या मध्ये जी चिकट, काळसर रेघ राहते, नेमकी तिच्यावर.

तिच्या अंगावर शहारा आला. गिरगावात ती झुरळांत वाढली होती. पण झुरळ निदान पळून जातं, त्याला माणसाची भीती असते. हे पळत नव्हते. उडून परत तोंड वळवून तिच्याकडे बघत बसत होते. आणि बेबीने कडेवरून वाकून, दोन्ही हात पसरून त्यांना बोलावलं.

बेबीचं नाव अनुराधा, पण ते फक्त पत्रिकेत. नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती, आणि हाताला लागेल ते सरळ तोंडात. खडा, कोळसा, आईच्या पदराचं टोक. तिचं पोट माघापासून ठिकाणावर नव्हतं. दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा दुपटी धुता धुता शैलजाच्या हाताची सालं निघायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाटलीवर कागदाची खाचपट्टी चिकटवून मिक्श्चर दिलं होतं. दात येताहेत, असं ते म्हणाले. दात येताहेत, असं अख्खी ओळ म्हणाली. शैलजा इतिहास घेऊन बी.ए. झाली होती, दातांतलं तिला कळत नव्हतं. पण बेबीच्या मांड्यांवरच्या वळ्या गेल्या होत्या, हे तिला आंघोळ घालताना रोज हाताला कळत होतं.

ओळ म्हणजे सिल्वासातल्या नव्या सरकारी क्वार्टर्सची. कचेरीतले कारकून, शाळेतले मास्तर, सगळे मुंबई-कोकणाकडून बदलीवर किंवा नेमणुकीवर आलेले. मागे प्रत्येकाचं परस, परसाच्या टोकाला संडास, सगळ्या संडासांची मिळून जमिनीखाली एक टाकी. आणि त्याही पलीकडे, जरा उतारावर, फिरंग्यांच्या वेळची दगडी विहीर. शैलजाचा नवरा, जयवंत सामंत, हायस्कुलात शास्त्र शिकवत असे. वेंगुर्ल्याचा माणूस, किडा दिसला की त्याचा चेहरा फुलायचा. त्याने संध्याकाळी येऊन परसात गुडघे टेकले आणि एक ठिपका पाण्याच्या पेल्याखाली पकडला. पिण्याच्या पेल्याखाली. तो पेला शैलजाने त्यानंतर पुन्हा कधी ओठाला लावला नाही.

तो पेला, खाली पुठ्ठा सरकवून, त्याने ओटीवर आणला आणि भिंग लावून बघ म्हणाला. ती बघणार नव्हती. पण बेबीच्या आसपास जे काही फिरतं ते न बघता सोडणं तिला जमत नसे. डोळे डोक्यातून ओघळून बाहेर आल्यासारखे. पाठीवर मळकट पांढरे डाग, पिठाचा हात पुसावा तसे. पाय अंगाला न शोभणारे लांब. आणि पोटाखाली चाकूसारखी मिटून ठेवलेली सोंड. त्या सोंडेचं काम तिने दुपारीच पाहिलं होतं. मोरीच्या तोंडाशी एक जण पांढऱ्या अळीत सोंड खुपसून उभा होता, आणि अळी हळूहळू रिकामी होत होती, सालीची पिशवी मागे राहत होती. त्या वर्षी तिला आंबा चोखवला नाही.

जयवंत मात्र खुशीत होता. दमणगंगेच्या काठच्या चिखलावर हे असतात, नदी आटली की असे ओलीच्या शोधात वर येतात, म्हणाला. सोंडेवर बोट दाखवून त्याने निर्णय दिला,

"हा ढेकणाच्याच कुळातला."

नेमक्या त्याच वेळी दारात प्रमिलाताई दिघे उभ्या होत्या, विरजणासाठी वाटी घेऊन. कचेरीतले हेडक्लार्क अनंतराव दिघे यांच्या त्या पत्नी. ओळीतली पहिली खोली त्यांची, आणि ओळीने काय म्हणायचं ते ठरवण्याचं कामही त्यांचंच. त्यांनी 'कुळातला' ऐकलं नाही.

"ढेकूण?" त्या म्हणाल्या.

जयवंतने हौसेने समजावलं. शास्त्रात ढेकूण म्हणजे फार मोठं खटलं आहे, कुणी झाडावर राहतो, कुणी पाण्यात. खाटेतला तो त्या खटल्यातला एक लहानसा भाऊबंद. हा पाण्याच्या कडेला राहतो, माणसाला सहसा चावत नाही, याला आपण काठावरचा ढेकूण म्हणू.

"काठावरचा का होईना," प्रमिलाताई म्हणाल्या, आणि उंबरठ्याच्या आत टाकलेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं. विरजण न घेताच गेल्या.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दोन दिवसांनी शाळेतला शिपाई रणछोडभाई, ज्याची बायको दिघ्यांकडे दूध घालायची, जयवंतला बाजूला घेऊन हळूच विचारता झाला, "साहेब, तमारे घेर मांकड थया छे?" गुजरातीत मांकड म्हणजे ढेकूण. जयवंतला नवीन नवीन तेवढं गुजराती येत नव्हतं. त्याला ऐकू आलं माकड. आणि माकडं तर येतच होती, नदीकडच्या झाडीतून. तो म्हणाला, येतात की, कधीमधी सकाळी छपरावर उड्या मारतात. परवा एकाने बेबीच्या हातातलं बिस्किट पळवलं. रणछोडभाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने सलाम केला.

संध्याकाळपर्यंत ओळीत झालं होतं की सामंतांकडचे ढेकूण दिवसाढवळ्या उड्या मारतात. बिस्किटाचंही झालं होतं.

त्यानंतर शैलजा ओटीवर बायकांत बसायला गेली की सतरंजीवरची जागा आपोआप भरायची. प्रमिलाताई आतून लाकडी पाट आणून देत. सतरंजी माणसाच्या मानाची, पाट पुसता येतो. तो पाट नंतर उन्हात उभा करून ठेवलेला शैलजाने स्वतः पाहिला. बेबीवर कुणाचा राग नव्हता. तिला सगळ्या घेत. फक्त घेण्याआधी तिचा फ्रॉक दोनदा झटकत. शैलजाने घरी येऊन गाद्या उसवल्या, खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, घासलेटाचं बोट प्रत्येक भेगेतून फिरवलं. एकही ढेकूण निघाला नाही. न निघाल्यामुळे तिला जास्तच खाज सुटली. रात्री दिवा विझला की वाटायचं, गादीखाली डोळे ओघळलेलं काहीतरी बसलं आहे.

ओळीतली लाज तिने गिळली असती. बेबीचं पोट मात्र पुन्हा गेलं, आणि या वेळी डॉक्टर दातांविषयी काही बोलले नाहीत. बेबीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून त्यांनी सोडली. ती लगेच खाली बसली नाही. असंच चाललं तर बलसाडच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, म्हणाले.

परतल्यावर शैलजा पाणी भरायला विहिरीवर गेली, तेव्हा ती रडत नव्हती. ती बघत होती. तिची ती सवयच होती. कळशी बुडेपर्यंत तिने विहिरीभोवती नजर फिरवली. जिथे बायका पाणी शेंदतात, सांडतात, तिथे चिखल आणि चिखलाच्या कडेला कारळे, हे ठीकच होतं. पण विहिरीच्या मागच्या अंगाला, जिथे कुणी उभं राहत नाही, कुणी थेंब सांडत नाही, चैत्राच्या उन्हात जिथली माती विटेसारखी भाजायला हवी, तिथेही ते बसले होते. दोन रांगांत. समोरासमोर, जेवायच्या पंगतीला बसावेत तसे. आणि त्यांच्या मधून एक काळपट पट्टा आला होता, हाताएवढा रुंद, वर पाणी नाही, नुसती ओल.

ती कळशी तशीच ठेवून, नाकाला पदर लावून रांगेच्या कडेने चालत गेली. पावलागणिक ते उडत होते, तिच्या पायांवर बसत होते, पोटरीवर गार काहीतरी टेकत होतं. तिने ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. पट्टा पुढे पुढे रुंद होत गेला, मग हिरवा झाला, मग त्याला बुळबुळीत चकाकी आली, मग वास आला. पट्टा संडासांच्या टाकीशी जाऊन थांबला. म्हणजे तिथून निघत होता.

ती वळली आणि विहिरीकडे उतार कसा आहे ते पाहिलं.

त्या दुपारी तिने बेबीचा सगळा दिवस डोळ्यांपुढे आणला. पिण्याचं पाणी ती उकळून, गाळून, झाकून देत होती. म्हणून तर पाण्यावर तिचा संशय कधी गेला नव्हता. पण चमचा-वाटी विसळायची ती विहिरीच्या पाण्यात. आंघोळ घालताना बेबी ओल्या पंचाचं टोक तोंडात धरून चोखायची, आणि ती शांत बसते म्हणून शैलजाच ते टोक तिच्या हातात देत असे. आपण स्वतः रोज सकाळी त्याच पाण्याने चूळ भरतो, हे आठवल्यावर मात्र ती मोरीत जाऊन ओकली. ओकून झाल्यावर तोंड धुवायला पाणी हवं होतं. ते त्याच हंड्यात होतं.

जयवंतने सगळं ऐकून घेतलं. तो तिथे जाऊन बघूनही आला. ओल आहे, म्हणाला, पण ओल सतरा कारणांनी असते. विहिरीचं बांधकाम चिरेबंदी आहे, त्यातून काय आत जाणार. तरी तो अनंतरावांकडे गेला, कारण टाकी उघडायची तर कचेरीतून ओव्हरसियरला सांगावं लागणार होतं. गेला तसा परत आला. अनंतराव हसले होते. म्हणाले होते, "सामंत, ढेकूण तुमच्या गादीत आणि खणायची सरकारची टाकी?" काठावरचे ढेकूण वेगळे, हे जयवंतने पुन्हा समजावलं तेव्हा ते आणखी हसले. मात्र माणूस सज्जन; मदत पाठवतो, म्हणाले.

मदत सकाळी आली, पाठीवर पिचकारीचा डबा बांधून. मलेरियाचा फवारेवाला. त्याला सामंतांच्या घरातले ढेकूण मारायला सांगितलं होतं आणि त्याने ते न बघताच मारले. गाद्या, उशा, बेबीची झोळी, भिंती, सगळ्यांवर पांढरट पाणी ओघळलं. वासाने डोकं उठलं. ओळीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या राहून बघत होत्या, आणि शैलजा बेबीला पदराखाली घेऊन आंब्याच्या झाडाखाली बसली होती. तिने फवारेवाल्याला विहिरीमागे चल म्हटलं. तो म्हणाला, मला फक्त घर सांगितलंय.

मग तिने आपलं आपण सुरू केलं. आंघोळीचं पाणी उकळायचं, भांडी उकळत्या पाण्यात बुडवायची, पंचा उकळायचा, हात धुवायचं पाणीसुद्धा वेगळ्या तांब्यात. घासलेट पुरेना, तेव्हा परसात तीन दगड मांडून ती पालापाचोळा जाळू लागली. बेबीचं पोट थांबलं. शैलजाने हे कुणाला सांगितलं नाही. स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणाली नाही. बेबी वरण-भात मागून खाऊ लागली. मग एका संध्याकाळी दुपटं उघडलं, तर पुन्हा तेच, पाण्यासारखं, आंबूस.

काय चुकलं ते तिला कळेना. दुसऱ्या दिवशी बेबीला घ्यायला ती दिघ्यांच्या दारात गेली, तेव्हा प्रमिलाताई बेबीला मांडीवर घेऊन आपल्या फुलपात्रातून पाणी पाजत होत्या. हंड्यातलं, थंडगार. शैलजाने धावत जाऊन फुलपात्र बाजूला केलं, थोडं त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

"उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी गं," प्रमिलाताई लुगडं झटकत म्हणाल्या. "पोर कशी घटाघटा प्यायली बघ. तहानलेली ठेवतेस तिला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, माया होती. म्हणून शैलजाला जास्त भीती वाटली. रागाला दार लावता येतं. ती बेबीला घेऊन घरी आली आणि तिच्या ध्यानात आलं की आपलं घर कितीही उकळलं तरी बेबी काही घरात मावणार नाही. ती चालायला लागेल, चार घरं हिंडेल, चार हंड्यांतलं पिईल. विहीरच बंद झाली पाहिजे. आणि येत्या मंगळवारी प्रमिलाताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. अख्ख्या ओळीच्या बायका-मुलांना पन्हं. पन्ह्याला कैऱ्या उकडतात. पाणी कुणी उकळत नाही.

तिला सदरा आठवला. कितीही पाण्यांतून काढला तरी रंग सोडणारा.

धुळवडीच्या रंगाची उरलेली पुडी डाळीच्या डब्यामागे होती. जयवंत शाळेत गेल्यावर तिने ती बादलीत कालवली. हात मनगटापर्यंत गुलाबी झाले. बादली घेऊन ती संडासात गेली, दाराला आतून कडी लावली आणि सगळी बादली भांड्यात ओतली. वर आणखी दोन बादल्या पाणी. खालून गडगड आवाज आला, आणि एक माशी तिच्या ओठावर बसून गेली. घरी येऊन तिने राखेने, चिंचेने, दगडाने हात घासले. गुलाबी गेला नाही. जयवंतने विचारलं, तेव्हा तुझा सदरा पुन्हा धुतला, असं तिने सांगितलं.

रोज सकाळी ती विहिरीमागे जाऊन बघायची. पट्टा तसाच होता, काळा. कारळे तसेच. एकदा तिने काटकीने ओली माती उकरली. आतून तांबूस लांब किड्यांचा गुंता वळवळत वर आला आणि काठावरचे दोघे लगेच त्यावर तुटून पडले. तिने काटकी टाकली आणि बोटं पदराला पुसत राहिली, पदर फाटेपर्यंत. आपणच खुळे ठरणार, असं तिला वाटू लागलं. इतकंच नाही, आपण संडासात रंग ओतला हे ओळीत कळलं तर जयवंतला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मंगळवार उजाडला. सकाळच्या उजेडात पट्टा जरा वेगळा वाटला, पण तिने त्यावर भरवसा ठेवला नाही. दुपारी तीनच्या सुमाराला, ऊन तिरपं झाल्यावर, ती पुन्हा गेली. माती वरून वाळली होती आणि दोन्ही कडांना गुलाबी किनार आली होती. पातळाच्या किनारीसारखी सरळ, नीट. तिच्यावर ते बसले होते, डोळे बाहेर, सोंडा मिटलेल्या, धुळवडीच्या दिवशी परसात बसले होते तसेच. किनार विहिरीच्या दगडापर्यंत गेली होती.

कठड्यावर ओणवून तिने आत पाहिलं. दगडांच्या दोन थरांमधून एक ओघळ उतरत होता. करंगळीएवढा. पाण्यापर्यंत जाईतो त्याचा रंग फिका, काचेसारखा झाला होता आणि पाण्यात शिरल्यावर दिसतच नव्हता. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं.

दिघ्यांच्या ओटीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. आत गौर झोपाळ्यात बसवली होती, समोर कलिंगडाची कमळं, करंज्या, हरभऱ्याची डाळ, आणि चौरंगाशेजारी मोठ्या पातेल्यात पन्हं. वेलदोड्याचा वास दारापर्यंत येत होता. उषाने, पोस्टमास्तरांच्या बायकोने, पेले भरायला घेतले होते. मुलं रांगेत बसली होती. शैलजासाठी कोपऱ्यात पाट मांडलेला होता.

ती पाटावर बसली नाही. दारातच उभी राहिली. हात अजून गुलाबी होते, ते तिने लपवले नाहीत.

"प्रमिलाताई, पन्हं कुणाला देऊ नका. आधी माझ्याबरोबर विहिरीवर चला."

कुंकवाचा करंडा हातात घेऊन प्रमिलाताईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"का? आता विहिरीतसुद्धा सोडलेस वाटतं तुझे ढेकूण?"

बायका हसल्या. लहान मुलंही हसली. शैलजाचे कान तापले, पण नजर उषाच्या हातातल्या पहिल्या पेल्यावर होती, आणि तो पेला रांगेतल्या पहिल्या मुलाकडे चालला होता. तिने पुढे होऊन तो पेला काढून घेतला.

"मी संडासात रंग ओतला होता," ती म्हणाली. "होळीचा. तो विहिरीत उतरलाय. खोटं वाटत असेल तर बघा आणि मग खुशाल पाजा."

उषाने पळी पातेल्यात सोडून दिली. प्रमिलाताईंनी करंडा चौरंगावर ठेवला. ठेवताना त्याचं झाकण दोनदा बसेना. मग त्या चपला घालून निघाल्या, आणि त्यांच्या मागून सगळ्या.

विहिरीमागे त्या गुलाबी किनारीपाशी थांबल्या. कारळे त्यांच्या पायांपुढून उडाले, बायका लुगडी सावरत मागे सरल्या. प्रमिलाताई तेवढ्या पुढे गेल्या. त्यांनी किनार बघितली, टाकीपर्यंत नजर नेली, परत आणली. मग कठड्यावर हात टेकून आत वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की पदराचं टोक तोंडात घालून जीभ पुसली. पन्ह्यात मीठ पुरेसं आहे का ते पाहायला त्यांनी सकाळपासून तीनदा चाखलं होतं. मग पुन्हा पुसली. मग जोरात, कपाळावरचं कुंकू पुसावं तसं, ओठ, हनुवटी, गळा.

"आमच्या सुनंदाचा धाकटा काल सारखा परसात जात होता," मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. "आम्ही म्हटलं, कैऱ्या खाल्ल्या असतील."

प्रत्येक जण आपापल्या घरातली मुलं मोजत असावी. एक जण झाडाआड जाऊन ओकली, आणि तो आवाज ऐकून दुसरीही.

पन्ह्याचं पातेलं उषाने आणून विहिरीशेजारीच ओतायला घेतलं, तेव्हा शैलजाने तिला हाताने अडवलं. ते लांब, नाक्यापलीकडच्या उघड्या नाल्यात ओतलं गेलं.

अनंतराव कचेरीतून आले. त्यांना किनार दाखवली गेली, ओघळ दाखवला गेला, आणि घरात आल्यावर आणखीही काही ऐकवलं गेलं असावं, कारण दुसऱ्याच सकाळी ओव्हरसियर आणि कामगार हजर झाले. टाकी उघडली. ठेकेदाराने विहिरीकडच्या भिंतीला गिलावाच केला नव्हता. विटांच्या मधून बोट आरपार जात होतं. कामगारांनी डोक्याचे रुमाल नाकाला बांधले आणि तरीही ते मधून मधून वर येऊन उभे राहायचे. विहिरीवर फळ्या ठोकल्या. पाणी बैलगाडीतून पिंपांनी येऊ लागलं, गावातल्या दुसऱ्या विहिरीवरून. तेही शैलजा उकळायचीच, आणि आता ओळीतल्या सगळ्या परसांत तीन दगड मांडलेले दिसत होते. जयवंतने वर्गात मुलांना रंगाचा प्रयोग सांगितला. संडास हा शब्द त्याने त्यात कुठेही येऊ दिला नाही.

बेबीच्या मांडीवर पहिली वळी परत आली, ती शैलजाला आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताला लागली. तिने ती पुन्हा पुन्हा चाचपली. बेबी पंचाचं टोक शोधत होती. शैलजाने ते दिलं नाही; बेबीने भोकाड पसरलं, आणि त्या रडण्यात जोर होता.

ज्येष्ठ लागायच्या आत एका दुपारी प्रमिलाताई विरजणासाठी वाटी घेऊन आल्या. धुळवडीनंतर पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आत. बेबीला त्यांनी फ्रॉक न झटकता उचललं. खाटेवर बसा म्हटल्यावर मात्र त्या क्षणभर थबकल्या, गादीची शिवण अंगठ्याने उलटून पाहिली आणि शैलजाने पाहिलं हे लक्षात आल्यावर ओशाळल्या.

"सवय गं," म्हणाल्या. मग जरा वेळाने, बेबीच्या केसांतून हात फिरवत, "ते तुझे अजून आहेत का? काठावरचे?"

"मोरीशी आहेत."

"आणि विहिरीमागे?"

शैलजा त्याच सकाळी बघून आली होती. रोजच जात होती. अजूनही नाकाला पदर लावून, अजूनही चपलेचं टोक फक्त पुढे करून, आणि घरी येऊन पाय दोनदा धुऊन.

"नाहीत. वाळलंय तिथे."

"बघत जा हो," प्रमिलाताई म्हणाल्या. "मला नाही बघवत ते. किती घाण दिसतात." आणि विरजण हातात पडेपर्यंत त्या बसल्या, पण खाटेच्या अगदी काठावर.